रामानुजनच्या घराशेजारी वाचनालयही हवे

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे श्रीनिवास रामानुजन यांचे छोटे घर शास्त्र विद्यापीठाने विकत घेऊन जपले आणि 2003 मध्ये तिथे संग्रहालय उभे राहिले. रस्त्याकडे उघडणारी खिडकी, तिच्यालगतची खाट, एवढ्याशा खोलीत हा मुलगा वाढला हे प्रत्यक्ष पाहायला मिळते, हे मोठेच काम आहे. पण या मुलाला गणिताचे वेड लावले ते 1903 च्या सुमारास मित्रामार्फत हाती आलेल्या कार या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथाने. हजारो प्रमेये आणि सिद्धता जेमतेम. त्या त्याने स्वतःच शोधल्या. तो ग्रंथ सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातला होता. म्हणून घराच्या शेजारी गावातल्या मुलांसाठी गणिताचे खुले वाचनालय हवे, असे मला ठामपणे वाटते.

जुन्या वास्तूला वर्दळ सोसणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वाचनालय घरात नको, शेजारच्या इमारतीत हवे. आता सारे मोबाइलवर मिळते, असेही म्हटले जाईल. पण मोबाइलवर शोधायला आधी काय शोधायचे ते ठाऊक असावे लागते. कपाटासमोर उभ्या मुलाच्या हाती मात्र कधीच न ऐकलेले पुस्तक लागू शकते.