दोन बाइक, एक ट्रक आणि एफबीडी

अप्लाइड मेकॅनिक्सच्या पेपरात तुम्ही किती एफबीडी काढले असतील? मी मोप काढले, मार्कही पडले. पण स्वतःच्या बुडाखालच्या गाडीचा एफबीडी मी पहिल्यांदा काढला तो कॉलेज सोडल्यावर तीन वर्षांनी, कॅलिफोर्नियात, पेट्रोलच्या पावतीच्या पाठीवर.

इकडे 'ट्रक' म्हणजे पिकअप. त्याच्या हौद्यात एक खोली बसवायची: बेड, गॅस, पाण्याची टाकी. हा ट्रक कॅम्पर. माझ्या रूमपार्टनरने तो हौसेने घेतला आणि नोव्हेंबरात ३९५ नंबरच्या हायवेने सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडून वर जायचं ठरलं. मागे कॅरियरवर आमच्या दोन बाइक.

ऑफ-सीझनला जावं की नाही? माझं मत, जावंच. योसेमिटीत शिरणारा टायोगा पास साधारण नोव्हेंबरात बर्फाने बंद होतो तो थेट मे-जूनमध्ये उघडतो, त्यामुळे उन्हाळ्यातली गर्दी गायब. लोन पाइनहून माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) बघायला मिळतो तो शांतपणे. पण लोक एक गोष्ट सांगत नाहीत. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून बऱ्याच कॅम्पग्राउंडचे नळ बंद केलेले असतात. म्हणजे पाणी आपलं आपण न्यायचं, गॅस जास्त, पांघरुणं जास्त. गर्दी कमी होते आणि वजन वाढतं!

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून किती चालेल. आमचा आकडा ७२५ किलो. कॅम्पर ४७०, पाणी ७५ लिटर म्हणजे ७५ किलो, आम्ही दोघे १४०, बाकी किडूकमिडूक ३५. झाले ७२०. आणि बाइक? प्रत्येकी १४०, कॅरियर ४०. तब्बल ३२० किलो.

पार्टनर म्हणाला, "अरे, इथे सगळेच नेतात. उगाच पुस्तकी काढू नकोस."

निघालो. वाऱ्याचा एक झोत आडवा आला आणि स्टिअरिंग हातात हलकं लागलं. मी चालवत होतो. गाडी अर्धी लेन सरकली, शेजारी मोठा ट्रेलर होता. दोघंही गप्प. मग थांबून ती पावती काढली.

कॅरियर मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन मीटर मागे, व्हीलबेस ३.७ मीटर. मागच्या अ‍ॅक्सलभोवती मोमेंट घ्या: ३२० गुणिले २ भागिले ३.७, म्हणजे १७३. पुढच्या चाकांवरून १७३ किलो उचलले गेले आणि मागच्यांवर ४९३ पडले. नुसत्या मागच्या स्प्रिंग कडक करून हे सुटत नाही. गाडी सरळ दिसते, पुढचं वजन काही परत येत नाही. पार्टनरला तरी पटेना. ट्रक स्टॉपच्या काट्यावर दर अ‍ॅक्सलचं वेगळं वजन मिळतं, तिथे नेली. कॅम्पर बसवला तेव्हाची पावती जवळ होतीच. पुढचा अ‍ॅक्सल १६५ किलोने हलका.

परत फिरलो, एक दिवस गेला. तो तासभर माझ्याशी बोलला नाही. खरं सांगायचं तर मीही निघण्याआधी स्टिकर वाचला होता आणि गप्प बसलो होतो. गाडी त्याची, उगाच वाईटपणा कशाला! आपल्याकडे ट्रिपल सीट जाताना आपण हेच करतो की नाही?

मग भाड्याने ट्रेलर घेतला. २०० किलोचा ट्रेलर, २८० च्या बाइक, त्यातलं हिचवर साधारण ६०. पाणी २५ लिटरच घेतलं, बाकी वाटेतल्या गावांत भरायचं. तरी पाच किलो जास्त होत होते, तेव्हा पार्टनरचे दहा किलोचे डंबेल्स घरी राहिले. (ते ट्रिपला कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.) ट्रेलरची कटकट आहेच. कॅलिफोर्नियात तो ओढताना ५५ मैलांच्या वर जाता येत नाही आणि रिव्हर्स घेताना शेजारचे लोक बघायला थांबतात. पण बाइक न्यायच्याच असतील तर माझ्या मते त्या चाकांवरच न्याव्यात, लटकवून नाही.

काट्याची ती दुसरी पावती पार्टनरने आता कॅम्परच्या दारावर आतून चिकटवली आहे. कुणी विचारलं की म्हणतो, मोमेंट मीच घेतला होता.