हातावरचा प्रसाद

आमचं घर महानुभाव. इतर देवतांची पूजा नाही, प्रसादही नाही. गणपतीत मित्राकडचा मोदक मी तसाच ठेवून यायचो. एनडीएत असताना उपदेश घ्यायला नकार दिला आणि आबांनी बोलणं टाकलं. सुटलो, असं वाटलं. पण मग मी कोण, याचं उत्तर नव्हतं.

कमिशन शीख पलटणीत मिळालं. फौजेचा रिवाज असा की जवानांचा धर्म तोच अधिकाऱ्याचा. पहिल्या रविवारी गुरुद्वाऱ्यात गरम कडाह प्रसाद ओंजळीत पडला आणि हात आखडले. डोक्यानं पंथ सोडला होता, हातांना कुणी कळवलं नव्हतं!

काही निवृत्त मित्र या रिवाजाला नुसती शिस्त म्हणतात. मला नाही पटत. तू काय मानतोस, हे जवानांनी कधी विचारलं नाही. लंगरमध्ये सरकून जागा दिली, लाटणं हातात दिलं. सगळं सोडून आलेल्याला लगेच नवा देव नको असतो, चार माणसांत काम हवं असतं. देवाचं माझं अजून ठरलेलं नाही.

आबांना आता दिसत नाही. मागच्या सुट्टीत त्यांना 'लीळाचरित्र' वाचून दाखवलं. वाचताना मी सवयीनं डोक्याला रुमाल बांधला होता. त्यांना ते कळलं नाही, मीही सांगितलं नाही.