वतन कशाबद्दल?

गेल्या महिन्यात आमच्या नंदिगड्ड्याच्या शाळेत एका मुलाने विचारले, "गुरुजी, आमच्या पूर्वजांना वतन मिळाले, ते कशाबद्दल?" आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. आमच्याही आजोबांनी जमीन किती खंडीची होती हे पुष्कळदा सांगितले; चाकरी कोणती, हे कधी सांगितले नाही.

आमच्या जोयडा तालुक्यातून वाहणारी काळी नदी सदाशिवगडापाशी समुद्रास मिळते. शिवछत्रपतींनी १६७५ साली फोंडा जिंकून कारवार-अंकोल्यापर्यंत अंमल बसविला आणि स्वराज्याची सीमा या बाजूस आली. सीमा राखणाऱ्यांस पोसावे कसे, हा राज्यकर्त्यांपुढील जुनाच प्रश्न होय.

ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्यापुढेही तो होता. सातव्या शतकात अरबांनी सीरिया आणि इजिप्त घेतल्यावर आजच्या तुर्कस्तानात 'थीम' नावाचे लष्करी प्रांत हळूहळू आकारास आले. दहाव्या शतकातील कायद्यांनुसार शिपायाच्या कुटुंबाकडे राखीव जमीन असे आणि तिच्या बदल्यात चाकरी द्यावी लागे. ९२७-२८ च्या कडक हिवाळ्यानंतर दुष्काळ पडला. बलवंतांनी गरिबांच्या जमिनी कवडीमोलाने लाटल्या. सम्राट रोमानोसने ९३४ साली आणि दुसऱ्या बेसिलने ९९६ साली कायदे करून त्यांस आवर घालू पाहिला. पुढे मात्र चाकरीऐवजी पैसा घेण्याची रीत वाढली, भाडोत्री फौजेवर भिस्त आली. १०७१ साली मान्झिकर्टला पराभव झाला आणि थोड्याच वर्षांत तो बहुतेक मुलूख हातचा गेला.

महाराजांनी हा धोका ओळखला होता. गड एकाच्या मुठीत राहू नये म्हणून हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे नेमले. मुलूख तोडून देण्यापेक्षा वेतन देणे पसंत केले. १६८९ नंतर मोगल वतनांचे आमिष दाखवू लागले, तेव्हा राजाराम महाराजांनाही वतने देऊ करावी लागली. प्रसंगच तसा होता. परंतु रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी कळकळीची सावधगिरी दिसते, तिच्यामागे हाच अनुभव असावा.

वाचकहो, घरातील जुन्या सनदा अवश्य जपाव्यात. मुलांना दाखविताना मात्र जमिनीबरोबर चाकरीही सांगावी. ती ठाऊक नसेल तर वडीलधाऱ्यांस आजच विचारावी. आम्हीही आमच्या चुलत्यांस पत्र लिहिले आहे. उत्तर आले की प्रथम त्या मुलाला सांगू.