साठ हजारांतली रोड बाईक

नवी रोड बाईक घेताना ग्रुपसेट सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं ठाम मत आहे. रविवारच्या राईडनंतर चहाच्या टपरीवर हे वाक्य उच्चारलं की चार जण अंगावर येतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. (टपरीवर चहा संपेपर्यंतच बोलता येतं, इथे जागा भरपूर आहे.)

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. वर्ष-दोन वर्षं हायब्रिड चालवून झालीय. आठवड्यातून दोनदा हापिसला सायकलवर जाता. खडकवासल्याची फेरी आता किरकोळ वाटायला लागलीय, आणि 'ती वाकड्या हँडलवाली' खुणावतेय. पण घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे बजेट साठ हजार, वर एक रुपया नाही. सायकलसाठी कर्ज काढायचं नाही हेही घरी ठरलंय. (बाईक म्हटल्यावर घरच्यांना आधी मोटरसायकल वाटते. सायकल आहे म्हटल्यावर सुटकेचा निःश्वास, आणि किंमत ऐकल्यावर परत तोच चेहरा! हा अनुभव सार्वत्रिक असावा.) दीड-दोन लाखवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, पण त्यांचे प्रश्न वेगळे.

तर ग्रुपसेट. म्हणजे गिअर, शिफ्टर, क्रँक, ब्रेक वगैरे मंडळींचं एकत्र कुटुंब. शिमानोमध्ये खालून वर जायचं तर क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी उतरंड आहे. क्लॅरिसला मागे ८ चकत्या, सोराला ९, टियाग्राला १० आणि १०५ पासून पुढे नव्या मॉडेलना १२. (२०२३ मध्ये शिमानोने क्यूज नावाचं नवं घराणं आणलं, २०२५ मध्ये ते ड्रॉप हँडलसाठीही आलं. खालच्या तीन पायऱ्यांची जागा हळूहळू तेच घेईल अशी चिन्हं आहेत. जुन्या शिफ्टरला नवा डिरेलर जोडायच्या फंदात मात्र पडू नका, दोघांची केबल खेचायची मापं वेगळी आहेत.)

ही उतरंड आपल्या लोकांना फार आवडते, कारण ती हापिसातल्या ग्रेडसारखी आहे. सोरावाला क्लॅरिसवाल्याकडे सीनियरच्या नजरेने बघतो आणि १०५ वाला दोघांनाही सल्ले देतो. पण वरची पायरी घेतल्यावर हातात नक्की काय पडतं? गिअर जरा मऊ पडतात, दोन गिअरमधलं अंतर कमी होतं, काहीशे ग्रॅम वजन घटतं. छान आहे, नाही म्हणत नाही. फक्त वेग मिळत नाही. धुऊन तेल दिलेल्या चेनची क्लॅरिस ही धूळ-चिखल खाल्लेल्या १०५ पेक्षा कधीही चांगली पळते.

आता जरा पेशाला जागतो. प्रोग्राम हळू चालत असेल तर आपण काय करतो? वेळ नक्की कुठे जातोय ते आधी मोजतो. एक टक्का वेळ खाणाऱ्या फंक्शनवर आठवडाभर कोणी डोकं फोडत बसत नाही. (निदान बसू नये.) सायकलीलाही हेच लावू.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेला अडतं कोण? सायकल थोडी, तुम्ही बरेच. म्हणजे हँडलवर जरा वाकून, कोपर दुमडून तासभर आरामात बसता आलं तर त्याने जो फायदा होईल तो कोणताही ग्रुपसेट देणार नाही. दुसरा खर्च टायरचा. सुमार टायर आणि चांगले टायर यांत जोडीमागे पंधरा-वीस वॅटचा फरक सहज पडतो. आपल्यासारखा हौशी माणूस तासभर १५०-१६० वॅट काढतो, त्यात हे वीस म्हणजे चंगळच की!

आणि वजन? सगळ्यांचा लाडका विषय. सिंहगड घेऊ. पायथ्यापासून गाडीतळापर्यंत साधारण ६०० मीटर चढ धरा, आणि स्वार, सायकल, पाणी मिळून ८५ किलो. हे ओझं वर न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल लागतात. चढण्यासाठी १५० वॅट देत असाल तर पंचावन्न मिनिटं. आता सायकल दोन किलोने हलकी करा. वाचले किती? सुमारे अठ्ठ्याहत्तर सेकंद. सव्वा मिनिट! या दोन किलोंसाठी ॲल्युमिनियम सोडून कार्बन घेतलीत आणि त्यापायी सत्तर-ऐंशी हजार जास्त मोजलेत, तर भाव झाला सेकंदाला हजार रुपये. वर पिठलं-भाकरी येईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरचे रेसर आपल्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेले. त्यांच्यासाठी सेकंद हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. आणि तिथे यूसीआयचा नियमच आहे की सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको. आपल्याला कोणी हरवणारही नाहीये आणि वजनकाट्यावर उभंही करणार नाहीये. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मग बघायचं काय? पहिलं, फ्रेमचं माप. बाकी सगळं बदलता येतं. टायर, सीट, स्टेम, चाकं, अगदी ग्रुपसेटसुद्धा. फ्रेमचं माप बदलता येत नाही. आणि नेमकं इथेच दुकानात सगळ्यात कमी वेळ दिला जातो. "एम नाहीये, एल घेऊन जा, सीट खाली करून देतो," हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. सीट खाली केल्याने उंची जमते, हँडल जवळ येत नाही. मग तुम्ही ताणून बसता, मान अवघडते, तळहात बधिर होतात, आणि दोष जातो 'रोड बाईक आपल्यासाठी नाहीच' यावर.

एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीची एल निघू शकते, म्हणून अक्षरांवर जाऊ नका. कंपनीच्या साईटवर प्रत्येक मापाचे स्टॅक आणि रीच असे दोन आकडे असतात. क्रँकच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. दिवसभर कीबोर्डवर वाकून बसणाऱ्या आपल्या पाठींना स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली फ्रेम मानवते. अशा सायकली 'एन्ड्युरन्स' नावाने विकल्या जातात. नाव जड आहे, पण अर्थ 'जरा ताठ बसवणारी' एवढाच.

सीटच्या उंचीसाठी ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखली जाणारी एक सोपी रीत आहे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पायांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर दाबून जमिनीपासूनची उंची मोजा आणि ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. गुडघा पुढून दुखला तर बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखला तर वर. हे गुडघ्याचं दुखणं हसण्यावारी नेऊ नका. बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्या कामी आलेल्या कितीतरी महागड्या सायकली मी पाहिल्यात. त्यांच्या मालकांना चौकशी केली तर गिअर वाईट होते असं कोणीच म्हणत नाही. पाठ, मान, गुडघा, हेच ऐकू येतं.

दुसरं, टायरला जागा किती आहे. पूर्वी रेसर मंडळी २३ मिलिमीटरचे टायर वापरायची, आता तेच २८ आणि ३० वर आलेत. आपल्याकडे तर पेव्हर ब्लॉक, खोदलेले रस्ते आणि ओळीने पाच-सहा रम्बलर! २५ ऐवजी ३२ चा टायर बसला तर आत दीडपटीहून जास्त हवा मावते. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ मध्ये ७०-७५ पीएसआय आणि ३२ मध्ये ५५-६० पीएसआय पुरते. हाडं कमी खिळखिळी होतात, खड्ड्यात ट्यूब चिमटून होणारी पंक्चरही घटतात. म्हणून दुकानात विचारा, "यात ३२ बसेल का?" उत्तर 'हो' असेल तर ती सायकल यादीत ठेवा.

तिसरं, सगळ्यात हलका गिअर. मागे चकत्या किती, यापेक्षा सर्वांत मोठ्या चकतीला दाते किती हे घाटात जास्त कामाचं. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील तर मिनिटाला ६० वेळा पेडल मारून तुम्ही ताशी ८ किलोमीटरने चढता. मागे २५ असतील तर त्याच लयीत ताशी १० च्या वर जावं लागतं. आठ टक्के चढावर हा फरक चाळीस-पन्नास वॅटचा आहे. म्हणजे पाय थांबणं आणि न थांबणं यातला फरक.

ब्रेकचं थोडक्यात. पावसाळ्यात चालवणार असाल तर डिस्क बरी, आणि तिच्यासोबत रुंद टायरला जागाही बहुधा मिळते. फक्त उन्हाळा-हिवाळ्यात चालवणार असाल तर चांगला रिम ब्रेक पुरेसा आहे. त्यात एक गंमत अशी की सगळं जग डिस्ककडे पळाल्यामुळे जुन्या रिम ब्रेकवाल्या चांगल्या सायकली पडत्या भावात मिळतात. २०२०-२१ च्या लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्याही बऱ्याच आहेत. अशी घेताना बारा इंची पट्टी खिशात ठेवा. नव्या चेनमधल्या चोवीस कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरल्या तर चेन बदलायची, एक अष्टमांश भरल्या तर मागच्या चकत्याही गेल्या असं समजून भाव पाडायचा. जुन्या कार्बन फ्रेमच्या वाटेला या बजेटमध्ये जाऊ नका. आतली चीर वरून दिसत नाही.

आता साठ हजारांचा हिशोब. मी असा करेन: सायकल ४५ हजार, चांगल्या टायर-ट्यूबची जोडी ६ हजार, जाणकाराकडून फिटिंग ३ हजार, हेल्मेट आणि दिवे ३ हजार, पॅडवाली चड्डी २ हजार, पंप आणि पंक्चरचं सामान १ हजार. नवी घेतलीत तर या पैशांत तळाच्या पायरीची मिळेल, जुनी घेतलीत तर एखादी पायरी वरची. दोन्ही चालेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेही पैसे टायरमध्येच घाला. आणि 'आत्ता स्वस्तातली घेऊ, पुढच्या वर्षी ग्रुपसेट बदलू' हा बेत तर मुळीच नको. कंपनीला घाऊक भावात पडणारे भाग तुम्हाला सुटे घ्यावे लागतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

असो, पुराण बरंच लांबलं. पण हे सगळं लिहायचं खरं कारण पैसे वाचवणं एवढंच नाहीये. सकाळच्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की त्याच्या डिरेलरवरचं नाव वाचलं जातं, आणि मग चार प्रेमळ सल्ले. 'अजून थोडे घाल आणि १०५ घे.' हे 'अजून थोडे' म्हणजे कोणाचा महिन्याचा पगार असतो. ऐकणारा हो म्हणतो, आणि दोन रविवारांनंतर यायचा बंद होतो. सायकलिंग सोडून गेलेल्या माणसांत असे बरेच आहेत, आणि त्यांना घालवण्यात आपला हात असतो. तीच सल्लागार मंडळी वाटेत पिशव्या लटकवून जाणाऱ्या दूधवाल्याला चढावर मागे टाकताना धापा टाकतात, हे कोणी बोलत नाही.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा प्रश्न या क्रमाने विचारा: माझ्या मापाची आहे का, रुंद टायर बसतात का, घाटात चढेल असा गिअर आहे का, ब्रेक कसले. या चारांची उत्तरं मनासारखी आली आणि पैसे उरले, तर पाचवा प्रश्न ग्रुपसेटचा. नाही उरले तर क्लॅरिस घ्या आणि निवांत चालवा. आठ गिअर पुष्कळ होतात.