सैनिकाच्या पायाखालची माती

दिवाळीत अंगणात किल्ला उभारणाऱ्या मुलाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मातीचा मावळा नुसत्या फरशीवर उभा केला तर तो खेळणे दिसतो. तोच तटाच्या पायथ्याशी, अळीव उगवलेल्या चढणीवर उभा केला, की पहाऱ्यावरचा माणूस दिसू लागतो. मावळा बदललेला नसतो, त्याच्या पायाखालची जमीन बदललेली असते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण अलीकडे परदेशी पद्धतीचे बोटभर उंचीचे सैनिक रंगवून त्यांच्या लढाया मेजावर मांडू लागले आहेत. त्यांच्या गणवेषावरील एकेक गुंडी पाहून कौतुक वाटते. परंतु नजर खाली गेली, की बहुतेकांच्या पायाखाली डिंकावर भुरभुरलेली पिवळी वाळू तेवढी आढळते. विचारले तर उत्तर ठरलेले : "वाळवंट आहे ना!" या उत्तराशी माझा वाद आहे.

हा खेळ मूळचा युरोपातला, आणि त्याचा आरंभ सैनिकांपासून नव्हे, जमिनीपासून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्रशियातील राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने आपला युद्धखेळ प्रथम वाळूच्या मांडणीवर दाखविला आणि १८१२ साली राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याला त्यासाठी एक खास मेजच करून दिले. त्या मेजावर टेकड्या, नद्या, रस्ते हे सर्व उंचसखल घडविलेल्या चौकोनी तुकड्यांनी मांडता येई. सैन्य मात्र साध्या ठोकळ्यांचे असे. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने हा खेळ नकाशावर आणला व तो प्रशियाच्या सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. घराघरांत तो पोचविण्याचे श्रेय पुष्कळसे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराकडे जाते. त्याचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ साली निघाले. वेल्सने खडूने नद्या आखल्या, डहाळ्यांची झाडे केली, ठोकळ्यांची घरे रचली. पुस्तकाच्या अखेरीस खऱ्या युद्धाच्या मूर्खपणाविषयी त्याने सडेतोड लिहिले, आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले!

आता वाळवंटाकडे वळू. वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर, ही समजूत चित्रपटांनी दृढ केली आहे. वस्तुतः सहारासारख्या अफाट प्रदेशाचा सुमारे चौथा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, वाळूने व्यापलेला आहे. उरलेला भाग खडकाळ पठारांचा, खडीच्या मैदानांचा व उघड्या डोंगरांचा. अरबीत त्यांना निरनिराळी नावे आहेत : वाळूच्या सागराला 'एर्ग', दगडी पठाराला 'हमादा', आणि लिबियाकडे खडीच्या मैदानाला 'सेरीर'. ज्या भाषेत तीन शब्द आहेत तेथील लोकांना तीन भूमी दिसतात; आपण तिन्हींवर एकच पिवळा रंग फासतो.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न असता, तर त्यासाठी वार्षिकाची पाने अडविली नसती. एक प्रसंग सांगतो. तो आपल्या गावाला परका नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे, हे येथील प्रत्येक मुलाला माहीत आहे. या रेजिमेंटची दुसरी पलटण १९४२ च्या जून महिन्यात लिबियाच्या किनाऱ्यावरील टोब्रुक येथे, अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. बंदराभोवतालची मोर्चेबंदी इटालियनांनी पूर्वी बांधलेली, सुमारे तीस मैलांच्या घेराची. तिच्या आग्नेय बाजूस आपले मराठे होते, आणि २० जूनच्या पहाटे रोमेलचा घाव नेमका त्याच बाजूवर पडला. आधी विमानांचा बाँबवर्षाव, मागोमाग सुरुंग काढणारे सैनिक, मग रणगाडे. रणगाडे अडविण्यासाठी खणलेला खंदक ठिकठिकाणी वाळूने व मातीने भरून आला होता. पूर्वी पेरलेले सुरुंग कितीतरी ठिकाणांहून उचलून दुसऱ्या आघाडीवर नेलेले होते. २१ जूनला टोब्रुक पडले व सुमारे तेहतीस हजार सैनिक बंदिवान झाले. सह्याद्रीच्या खेड्यांतून गेलेल्या कित्येक घरच्या मुलांचा त्यांत समावेश होता.

ही लढाई पिवळ्या मऊ वाळूवर मांडून पाहा. पाहणारा लगेच विचारील, "एवढी भुसभुशीत जमीन असताना हे लोक खोल खणून का बसले नाहीत?" प्रश्न रास्त आहे, जमीन खोटी आहे. टोब्रुकभोवतालचे पठार चुनखडीचे. वर मातीचा पातळ थर, त्याखाली कुदळीला दाद न देणारा खडक. अशा भूमीवर खंदक खणण्यापेक्षा दगड रचून छातीभर किंवा गुडघाभर उंचीचा आडोसा करणेच सैनिकाच्या हाती उरते. या आडोशाला 'सांगर' म्हणत. हा शब्द वायव्य सरहद्दीवरून हिंदी फौजेबरोबरच आफ्रिकेत गेला. पायाखालच्या चकतीवर तो खडक दाखविला नाही, तर त्या माणसांवर आपण न कळत निष्काळजीपणाचा आरोप ठेवतो. माझा आग्रह आहे तो यासाठी. गणवेषावरील पट्टी चुकली तर जाणकार हसतील, एवढेच. जमीन चुकली तर प्रसंगाचा अर्थ चुकतो.

मग ही जमीन करावी कशी? येथे थोडे गणित करावे लागते, आणि या छंदातील ते मला सर्वांत गोड वाटते. बाजारात मिळणारा सामान्य सैनिक अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे एक साठांश असतो. त्याच्या पायाखालची पंचवीस मिलिमीटरची चकती म्हणजे खऱ्या मापात दीड मीटर जमीन. एवढ्या जागेत वाळूची टेकडी मावूच शकत नाही! शंभर फूट उंचीची टेकडी या प्रमाणात दीड-पावणेदोन फुटांची होईल. म्हणून चकतीवर वाळवंट दाखवायचे नसते. एका माणसाने टाकलेली दोन पावले दाखवायची असतात.

आता वाळूच्या कणाला साठाने गुणा. टेकडीवरच्या वाळूचा कण साधारण पाव मिलिमीटरचा. आपल्या सैनिकाच्या दृष्टीने तो पंधरा मिलिमीटरचा, म्हणजे चिंचोक्याएवढा झाला. बांधकामाच्या वाळूतील दीड मिलिमीटरचा खडा तर नऊ सेंटिमीटरचा, मुठीएवढा धोंडा ठरतो. यातून निघणारा निष्कर्ष चमत्कारिक आहे : वाळू दाखवायला खरी वाळू चालत नाही. खऱ्या वाळूने खडी होते. वाळू हवी असेल तर वस्त्रगाळ माती किंवा बारीक भुकटी घ्यावी. आणि टोब्रुकचे दगडी पठार हवे असेल, तर बांधकामाची साधी वाळू हे देवाने दिलेले साधन आहे.

पद्धत अवघड नाही. चकतीवर फेव्हिकॉलचा पातळ थर द्यावा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा वाळलेला तुकडा कापडात गुंडाळून हलकेच ठेचला, तर चुनखडीसारखे कडा असलेले चपटे तुकडे निघतात. त्यांतले दोन-तीन आधी बसवावेत. नदीतले गोटे वापरू नयेत. पाण्याने घासलेला गुळगुळीत दगड त्या पठारावर परका दिसतो. मग जाड वाळू थोडी, बारीक वाळू तिच्याहून अधिक आणि उरलेल्या भागावर गाळलेली माती टाकावी. सर्व जागा सारखी भरू नये. निसर्ग कोठेही रांगोळी काढल्यासारखा समप्रमाणात पसरत नाही. दगडाच्या आडोशाला माती साठते, उघड्यावरची वाऱ्याने उडून खडी मागे राहते. वाळल्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक हात दिला की कण सुटत नाहीत.

वाऱ्याचे हे काम ज्याने शास्त्रशुद्ध तपासले, तो राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज सैनिकी अभियंता होता. लिबियाच्या वाळवंटात मोटारगाड्यांतून त्याने प्रवास केले, वाळूचे कण उड्या मारीत कसे पुढे जातात याचा अभ्यास केला, १९४० साली त्याच वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे पथक उभारले, आणि १९४१ साली वाळूच्या भौतिकीवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाळूवरच्या लहरी वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात, वाऱ्याकडचा उतार सौम्य व पाठीमागचा उभा असतो. चार-सहा बोटांच्या अंतराने उठणाऱ्या या लहरी आपल्या प्रमाणात मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या होतात. ओल्या लेपावरून बारीक फणी फिरविली तरी पुरे. अर्थात हे एर्गसाठी, टोब्रुकसाठी नव्हे. तडे गेलेल्या जमिनीचेही तसेच. तडे पाडणारा तयार लेप दुकानात मिळतो, म्हणून मुले तो कोठेही लावतात. परंतु तडे पडतात ते पाणी साचून आटलेल्या चिखलाला : वरचा थर आकसतो, खालचा त्याला धरून ठेवतो, आणि थर जितका जाड तितकी भेग रुंद. खडकाळ पठारावर ते शोभत नाहीत.

रंगाविषयी थोडेच सांगतो. पिवळा रंग डबीतून काढून तसाच लावू नये. आधी सर्वत्र काथासारखा तपकिरी रंग द्यावा. तो वाळला की गडद रंगाचे पातळ पाणी खाचांत उतरू द्यावे. नंतर कुंचला फिक्या मातकट रंगात बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा व उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. रंग फक्त माथ्यावर चढतो. शेवटचा हात पांढरटाकडे झुकणारा, तोही दगडांच्या कडांवर. सहाराच्या काही भागांत वाळूच्या कणांवर लोहाचा थर चढून ती तांबूस दिसते, हे खरे. पण चुनखडीचा प्रदेश फिकाच असतो.

काही पालक म्हणतील, परीक्षेच्या दिवसांत हे धोंडे आणि डिंक कशाला? आणि मुलांच्या हाती युद्धाचा खेळ द्यावाच का? पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच, की प्रमाण, भूगोल, खनिजे आणि इतिहास हे चार विषय ज्या वस्तूत एकत्र येतात ती वस्तू निरुपयोगी ठरवायला मी तयार नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे. झगझगीत गणवेष आणि सपाट हिरवे मेज यांनी युद्ध सोपे दिसते, हे मला मान्य आहे. तो दोष मी खेळाला न देता सपाट मेजाला देतो. ज्या मुलाने दगडी आडोशामागचा, खणायला जागा नसलेला माणूस स्वतःच्या हाताने घडविला, त्याला लढाई सोपी वाटेल असे मला वाटत नाही. (जुन्या शिशाच्या बाहुल्या कोणाच्या घरी असतील, तर त्या हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, हे मात्र पालकांनी अवश्य पाहावे.)

विद्यार्थिमित्रांनो, एक हात अखेरचा राहतो, आणि बहुतेक जण तोच विसरतात. चकती पूर्ण झाली तरी सैनिक तिच्यावर चिकटवल्यासारखाच दिसतो, कारण त्याचे बूट दुकानातून आणल्यासारखे स्वच्छ असतात. थोडी पिवडी, चिमूटभर गेरू आणि पांढरी रांगोळी खलून वस्त्रगाळ करावी, आणि ती धूळ मऊ कुंचल्याने बुटांवर, पट्ट्यांवर, गुडघ्यांपर्यंत विरत जाईल अशी लावावी. जो गुडघे टेकून नेम धरतो आहे, त्याच्या गुडघ्यांवर ती अधिक असावी. आणि जो सांगरमागे पालथा पडला आहे, त्याच्या कोपरांवर आणि छातीवर.