वायरबुशचा उधारीचा पाव

१८४६-४७ च्या हिवाळ्यात प्रशियाच्या सरकारने वेस्टरवाल्डच्या डोंगराळ मुलखात दुष्काळी मदत म्हणून धान्य पाठवले आणि सोबत हुकूम धाडला: रोख पैसे मोजतील त्यांनाच द्यावे. बटाट्यावर रोग पडला होता, धान्याचे पीक बुडाले होते, आणि रोख पैसा ज्यांच्याकडे होता त्यांना सरकारी धान्याची फारशी गरज नव्हती. वायरबुश गावाच्या कचेरीत हा हुकूम ज्याच्या हाती पडला, तो प्रशासक अठ्ठावीस वर्षांचा होता. वीसहून अधिक खेड्यांचा कारभार त्याच्याकडे होता. त्याने हुकूम बाजूला ठेवला आणि चिठ्ठी लिहून घेऊन धान्य उधार वाटले. पुढे गावातल्या सुस्थितीतल्या घरांकडून पैसे गोळा केले, त्यातून धान्य आणले, गावच्या सामाईक भट्टीत पाव भाजून घेतले आणि तेही उधार दिले. पैसे पीक निघाल्यावर आणून द्यायचे होते.

त्याचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. जन्म ३० मार्च १८१८, वायरबुशपासून जवळच्याच हाम या गावी. त्याच्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे मार्चअखेर. महाराष्ट्रातल्या वीस हजारांहून अधिक विकास सोसायट्यांमध्ये त्या दिवसांत वसुलीची धावपळ चालते. या दोन तारखा शेजारी येणे हा योगायोग असला, तरी त्या सोसायट्यांचे मूळ या जर्मन खेड्यात आहे.

रायफायझनचे शिक्षण गावच्या शाळेपुरतेच झाले होते. पुढचे धडे गावच्या पाद्र्याने घरी दिले. सतराव्या वर्षी तो सैन्यात गेला. डोळ्यांच्या दुखण्याने सैन्य सोडावे लागले आणि तो मुलकी नोकरीत आला. १८४५ मध्ये वायरबुशला आला तेव्हा त्याने हाती घेतलेले मोठे काम रस्त्याचे होते. डोंगरातला माल ऱ्हाइनकाठच्या बाजारात पोचला तरच शेतकऱ्याच्या हाती पैसा येईल, हे त्याने ओळखले होते. हाम, वायरबुश, फ्लामर्सफेल्ड या गावांना नॉयवीडशी जोडणारा मार्ग आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

१८४८ मध्ये त्याची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथला प्रश्न गुरांचा होता. सावकाराकडून कर्जावर घेतलेली गाय हप्ता चुकला की परत जायची, दिलेले पैसेही जायचे, आणि गाय गेली की शेणखत, दूध, औतकाम सगळेच थांबायचे. १८४९ मध्ये साठ सुस्थित गावकऱ्यांनी एकत्रित हमी दिली आणि त्या हमीवर गुरे घेऊन पाच वर्षांच्या फेडीने गरिबांना देणारी मंडळी उभी राहिली. सावकारीवरच्या त्याच्या लिखाणात ज्यू व्यापाऱ्यांविषयीचा त्या काळचा विखारी पूर्वग्रहही उतरला आहे. त्याचा गौरव करताना हे झाकून ठेवू नये. सावकारीचे कारण जमिनीचे बारीक तुकडे, रोकडीची टंचाई आणि शेतकऱ्याला दारात उभे न करणाऱ्या बँका हे होते, आणि त्याच्या स्वतःच्या कामानेच ते सिद्ध केले.

त्याच्या आयुष्यातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग यानंतरचा आहे. १८५४ मध्ये हेडेसडॉर्फला त्याने आणखी एक मंडळी काढली. अनाथ मुलांची देखभाल, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, शेतकऱ्यांना कर्ज अशी तिची भली मोठी उद्दिष्टे होती. पैसा आणि हमी श्रीमंतांची, लाभ गरिबांचा. काही वर्षांत दाते थकले आणि एकेक करून बाहेर पडू लागले. ज्याला कर्ज मिळत होते तो सभासद नव्हता, त्यामुळे मंडळी बुडाली तरी त्याचे काही बुडणार नव्हते. रायफायझन मनाने धार्मिक होता. दयाधर्माने हा गाडा चालेल, असे त्याने पंधरा-एक वर्षे मनापासून मानले होते. ती समजूत त्याला सोडावी लागली. १८६४ मध्ये त्याने हेडेसडॉर्फची मंडळी नव्याने बांधली: कर्ज हवे तर आधी सभासद व्हा, आणि सभासद झालात तर इतरांच्या कर्जाला तुमचे घरदारही जबाबदार.

ही अमर्यादित जबाबदारी ऐकायला भयंकर वाटते. पण बँकेकडे तारण ठेवायला पुरेसे काही नसलेल्या शेकडो लहान शेतकऱ्यांजवळ एकत्र येऊन देण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. ती पेलावी म्हणून बाकीचे नियम आले. संस्थेचे कार्यक्षेत्र एका चर्चच्या पंचक्रोशीएवढेच, कारण सगळे एकमेकांना ओळखत असले पाहिजेत. कर्ज कशासाठी हवे ते सांगायचे आणि त्याच कामाला वापरायचे. फेड शेतीच्या चालीने, काही वर्षांची. नफा वाटायचा नाही, राखीव निधीत टाकायचा, आणि तो निधी कधीही वाटून घ्यायचा नाही. पदाधिकाऱ्यांना मानधन नाही. पगार फक्त हिशेब ठेवणाऱ्याला. शहरी कारागिरांसाठी पतसंस्था काढणाऱ्या शुल्झ-डेलिच यांच्याशी त्याचा वर्षानुवर्षे वाद चालला. ठेवी थोड्या मुदतीच्या आणि कर्जे लांब मुदतीची, हे गणित जुळायचे कसे, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. रायफायझनने त्यावर खेड्यांच्या संस्थांची वरची मध्यवर्ती संस्था हा तोडगा काढला. एका गावात पैसा पडून असेल तर तो अडलेल्या गावाला मिळावा. आपली जिल्हा मध्यवर्ती बँक याच विचारातून आली आहे.

तोपर्यंत रायफायझनची दृष्टी जवळजवळ गेली होती. पत्रव्यवहार आणि हिशेबात मुलगी अमाली त्याच्या मदतीला असे. ११ मार्च १८८८ रोजी तो हेडेसडॉर्फला वारला.

त्याच्या हयातीतच, १८७५ मध्ये, इकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाचे रोखे जाळले. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. ब्रिटिश सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्या. रानडे यांनी शेती बँकेची योजना मांडली, ती पुढे सरकली नाही. पुढे मद्रास सरकारचा अधिकारी फ्रेडरिक निकल्सन युरोपातल्या पतसंस्था पाहून आला. त्याच्या अहवालाचा सारा रोख रायफायझनकडे होता. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात खेड्यातल्या संस्थांना अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व जसेच्या तसे लावले गेले, आणि १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळला पहिली शेतकरी पतसंस्था उभी राहिली.

कायदा आला, संस्थाही वाढल्या. पण आजच्या मार्चअखेरीला गावागावांत जे ‘नवं-जुनं’ चालते, त्यात वायरबुशचे काय उरले आहे? दोन दिवसांसाठी कुठून तरी हातउसने पैसे आणायचे, जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे, नवे उचलायचे, आणि हातउसने परत करायचे. त्या दोन दिवसांचे व्याज ज्याच्या खिशात जाते, तो अनेकदा खासगी सावकारच असतो. वसुलीचा आकडा कागदावर भरतो आणि शेतकऱ्याचे देणे होते तिथेच राहते. एकेका गटसचिवाकडे अनेक सोसायट्या आहेत. कोणाला किती एकर ऊस आणि कोणाची विहीर आटली, हे त्याला ठाऊक असण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. निवडणुकीत सोसायटीचा मतदार म्हणून सभासदाला मोल येते. कर्ज मंजूर करताना त्याला कोणी विचारत नाही. केंद्राने २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, ती चांगली आहे. हिशेब स्वच्छ होतील. पण शेजाऱ्याच्या अडचणीची शेजाऱ्याला असलेली माहिती संगणकात भरता येत नाही, आणि रायफायझनची सगळी पत त्या माहितीवर उभी होती.

वायरबुश आजही लहानच आहे, वस्ती हजार-दीड हजारांची. ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यातल्या इतर खेड्यांप्रमाणे तिथला ग्रामप्रमुख बिनपगारी, लोकांनी निवडलेला. आपला कामधंदा सांभाळून तो गावाचे पाहतो. आग विझवायलाही गावचेच स्वयंसेवक धावतात. जुन्या पावभट्टीची आठवण गावाने जपली आहे. जर्मनीत आज सहकारी संस्थांचे सभासद दोन कोटींहून अधिक आहेत, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने सहकाराच्या कल्पनेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. मात्र तिथेही लहान बँका एकमेकींत विलीन होत चालल्या आहेत आणि खेड्यातल्या शाखा बंद पडत आहेत. ती खंत आपल्यापुरती नाही.

अमर्यादित जबाबदारी परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. आजच्या शेतकऱ्यावर तो बोजा टाकणे क्रूरपणाचे होईल. पण खरिपाचे कर्जवाटप एप्रिलपासून सुरू होते. त्याआधी प्रत्येक सोसायटीने गावाच्या देवळात किंवा शाळेत सभासदांची एक बैठक घ्यावी. कोणाला कशासाठी किती कर्ज लागेल आणि ते कोणत्या पिकातून कधी फिटेल, हे तिथे मोकळेपणाने बोलले जावे, आणि ज्याचे पीक खरोखर बुडाले त्याची मुदतवाढीची मागणी सभेच्या ठरावासह जिल्हा बँकेकडे जावी. एका सोसायटीला एक पूर्णवेळ सचिव मिळावा, ही मागणी शासनाकडे आहेच आणि ती रेटली पाहिजे. बैठक मात्र शासनाची वाट न पाहताही घेता येईल.