वजन भरलं, पण लेकरू बोलंना

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ फिरत फिरत गावात येतो. लांडग्यांनी सांभाळलेल्या दोन मुली, हातापायांवर धावणाऱ्या, कच्चं मांस खाणाऱ्या. कॉलेजची पोरं मला थांबवून विचारतात, ‘बाई, असं खरंच होतं का हो?’ मी गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकरांबद्दल काहीही विचारायचं झालं की गाव माझ्याकडे बोट दाखवतं, मग ते लेकरू लांडग्याचं का असेना.

तर सांगून टाकते. त्या मुली कमला आणि अमला. १९२० साली मिदनापूरकडच्या जंगलात त्या आपल्याला लांडग्यांच्या बिळात सापडल्या, असं तिथल्या अनाथालयाचे रेव्हरंड सिंग सांगत. धाकटी वर्षभरात गेली, थोरली १९२९ मध्ये. समाजशास्त्राच्या पुस्तकांतून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. फ्रान्सच्या सर्ज आरोल यांनी जुने कागद धुंडाळून २००७ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ती रचलेली असल्याचं मांडलं. चार पायांवरचे ते फोटोसुद्धा दोघी गेल्यानंतर काढलेले, असं त्यांचं म्हणणं. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचच्या ‘मोगली गर्ल’चीही अशीच बातमी झाली होती. ती मुलगी माकडांत वाढली, असं टीव्हीवाले सांगत सुटले. मागाहून वनखात्याच्या लोकांनीच सांगितलं, की ती रस्त्याकडेला सापडली होती. तिला अपंगत्व होतं आणि बहुधा घरच्यांनीच तिला सोडलं होतं.

लांडग्याची गोष्ट आपल्याला फार सोयीची आहे. लेकरू जंगलात हरवलं म्हटलं, की गावावर काहीच येत नाही.

माणसांच्या वस्तीत, चार भिंतींच्या आत, लेकराला रान कसं भेटतं हे बघायचं तर अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसजवळची जीनी बघावी. खरं नाव गुप्त ठेवून अभ्यासकांनी तिला दिलेलं हे नाव. बापानं तिला वर्षानुवर्षं एका खोलीत, शौचाच्या खुर्चीला बांधून ठेवलं होतं. घरात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा त्याचा दंडक. १९७० मध्ये तिची जवळजवळ आंधळी झालेली आई मदतीच्या अर्जासाठी निघाली आणि चुकून दुसऱ्याच कार्यालयात शिरली. तिथल्या बाईनं सोबतच्या पोरीकडे बघितलं आणि तिला शंका आली. सहा-सात वर्षांची वाटणारी ती पोर तेरा वर्षांची होती. पुढे जीनी शब्द पुष्कळ शिकली, पण शब्दाला शब्द जोडून सरळ वाक्य काही तिला नीट जमलं नाही. मला यात त्या कार्यालयातल्या बाईचं फार वाटतं. अर्जावरून मान वर करून तिनं लेकराकडे बघितलं. आपल्याकडे किती टेबलांवर हे होतं?

आता आमच्याकडचं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. त्यामुळे पदरात लेकरू असलं तरी बाईला जावंच लागतं. लेकरू नेलं तर ते कोपीत पाचटावर झोपतं, फडात बांधावर बसतं आणि त्याची भीती ट्रॅक्टरच्या चाकाची. ठेवलं तर आजीजवळ. कार्तिकात आमच्या वस्तीवर फक्त म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात.

काही वर्षांमागं असंच एक लेकरू होतं. मुलगी, सव्वादोन वर्षांची. आईबाप फडावर. उचल आधीच्या देण्यात गेलेली, म्हणून आजी कापूस वेचायला जायची. घरापासून हाकेच्या अंतरावर बिनकठड्याची विहीर. आजी जुन्या लुगड्याची पट्टी लेकराच्या पायाला बांधायची, दुसरं टोक ओसरीच्या मेढीला. शेजारी वाटीत कुस्करा, गडूत पाणी. मी गृहभेटीला गेले तेव्हा लेकरू बसल्या जागी पुढे-मागे डुलत होतं. नावानं हाक मारली. वर बघितलं नाही. पुन्हा मारली, तरी नाही. पिशवीतून आहाराचं पाकीट काढलं, ते कुरकुरलं, तशी मान गर्रकन वळली. म्हणजे कान शाबूत होते. पाकिटाचा आवाज तिला ठाऊक होता, स्वतःचं नाव नव्हतं. वजन केलं, उंची घेतली, दंडघेराची पट्टी लावली. सगळं हिरव्यात. सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये नोंद गेली: सामान्य.

आजी संध्याकाळी अंगणवाडीच्या दारात आली. म्हणाली, ‘बाई, लेकरू मुकं हाय का व्हो?’

पोटाला मिळतं पण बोलायला माणूस नाही, हेच रुमानियात सरकारी पातळीवर झालं होतं. चाउशेस्कूच्या राजवटीनं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, नको असलेली लेकरं सरकारी अनाथालयांत साठत गेली. १९८९ मध्ये राजवट पडली तेव्हा जगानं बघितलं, ओळीनं लावलेल्या पाळण्यांत लेकरं डुलत होती. पुढे चार्ल्स नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुखारेस्टमध्ये १३६ लेकरं निवडली. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबं मिळवून दिली, उरलेल्यांची तेव्हाची व्यवस्था तशीच राहिली. घरी गेलेली लेकरं सावरली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त. कुणाला तरी बिलगणं त्यांना जमू लागलं, मेंदूच्या लहरींतही फरक दिसला. अनाथालयात खायला मिळत होतंच. आपलं म्हणावं असं एक माणूस नव्हतं.

गावात हे बोलले की ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘आमच्या काळात तर कुणी लेकराकडं ढुंकून बघत नव्हतं, आम्ही काय येडे झालो?’ नाही झालात, कारण तुमचं घर भरलेलं होतं. चुलत्या, आत्या, थोरली भावंडं, दारात येणारं-जाणारं. आमच्या गंगाखेडची संत जनाबाई लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली, असं परंपरा सांगते. कष्ट होते, पोरकेपण होतं. पण ते घर बोलतं-गातं होतं. आता चुलताही कोयत्यावर आणि चुलतीही.

एका शिकलेल्या गृहस्थानं मला विचारलं, त्या आजीवर तक्रार का केली नाही? बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये दुर्लक्षाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, खरं आहे. पण त्याच कलमात, जन्मदात्यांनी परिस्थितीपुढे हात टेकून लेकरू सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं मानू नये, असंही लिहिलंय. कायद्याला जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळायला हरकत नाही. त्या पट्टीनं लेकरू विहिरीपासून वाचत होतं. बांधून ठेवण्याशिवाय दुसरा मार्ग आजीला कुणी दिला होता?

मार्ग कागदावर आहेत. हंगामी वसतिगृह आहे, पण ते शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी. अंगणवाडीत बसणं, गाणी, खिचडी हे तीन वर्षांच्या पुढे. तीनच्या आतल्या लेकराच्या वाट्याला पाकीट आणि वजनकाटा. आता त्या पाकिटासाठीही चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. नोंद आईच्या चेहऱ्याची असेल तर आई फडात, मग मी मोबाइल धरून कुणासमोर उभी राहू? २०२४ मध्ये केंद्रानं ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला. जन्मापासून तीन वर्षं, छत्तीस महिने, लेकराशी काय बोलायचं, काय खेळायचं, सगळं त्यात आहे. चांगला आहे, मी वाचलाय. फक्त आमच्याकडे तो गृहभेटीतूनच पोचतो, आणि गृहभेट घरात कुणीतरी आहे असं धरून चालते.

त्या मुलीचं काय झालं, तर शेजारची आठवीतली पोरगी शाळेला जाताना तिला कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडायची. वय बसत नव्हतं, मी बसवली. मदतनीस ताई तिला मांडीवर घेऊन तांदूळ निवडायच्या आणि प्रत्येक खड्याला काहीबाही नाव ठेवायच्या. पाडव्याच्या सुमाराला ती ‘दे’ म्हणाली. हंगाम संपून पट्टा पडल्यावर आई आली, तर पोर आजीच्या मागं लपली. आईनं दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. आता ती पोर दुसरीत आहे. भांडते भरपूर, पण वाचताना अजून अडखळते. ते हंगामामुळं की आणखी कशामुळं, मी डॉक्टर नाही, मी सांगू शकत नाही.

माझं मागणं लहान आहे. ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिन्यांच्या लेकरापासून. अशी पाळणाघरं शहरात उघडा, जरूर उघडा, पण गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या ज्या वस्त्यांवरून टोळ्या जातात तिथं ऑक्टोबरच्या आत उघडा. गावातलीच एखादी बाई नेमा, पगार वेळेवर द्या आणि तिला एकच काम द्या: दिवसभर लेकरांजवळ राहायचं, त्यांच्याशी बोलायचं. फडावर गेलेल्यांसाठी कारखान्यांनी सोय करावी. तोडणारे मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, हे कारखान्यांचं पालुपद ऊस गाळपाला येताना कधी ऐकू येत नाही. आणि ट्रॅकरमध्ये वजन-उंचीच्या खाली एक रकाना वाढवा: हाक मारली तर बघतं का?

मुकादम उचल पावसाळ्यातच वाटतो. कुठला कोयता जाणार, कुणाचं तान्हं सोबत जाणार, कुणाचं मागं राहणार, हे तेव्हाच गावाला माहीत असतं. तालुक्याच्या कार्यालयानं विचारलं तर माझ्या वस्तीची यादी मी नावानिशी त्याच दिवशी देईन.